दगडावर अर्धंच मावलं

मामा, तुमच्या दगडावर कोणतं वचन घालायचं यावरून वाद झाला, आणि मी हरले.

काल लोह्याला जाऊन बघून आले. काळी ग्रॅनाइटची पाटी आहे. वर क्रूस, खाली तुमचं नाव, नावाखाली 'पाळक', आणि त्याखाली ती एक ओळ. मी मरणार नाही, मी जगणार, अशा अर्थाची. एका लांबलचक स्तोत्रातली अर्धी ओळ. कोरणाऱ्यानं अक्षरं सुबक काढलीत, पांढरा रंग भरलाय, फाटकापासूनही दिसतात. लोक येतात, वाचतात, डोळे पुसतात आणि म्हणतात, पाळकबाबांना शोभतं. त्यांना वाटतं, तुम्ही जाता जाता हेच सांगून गेलात.

तुम्ही काय सांगून गेलात ते मला माहीत आहे. म्हणजे अर्धं माहीत आहे. उरलेलं तुम्ही पुढच्या शनिवारी सांगणार होता.

स्मरणाच्या उपासनेत बोलणाऱ्यांनी तुमचा जन्म, तुमचं बायबल स्कूल, कंधारकडच्या कोणकोणत्या वस्त्यांवर तुम्ही प्रार्थना सुरू केल्या, ते सगळं सांगितलं. ते मी परत उगाळत नाही. मला आपल्या दोघांमधलं बोलायचंय, आणि आईचं. आईशिवाय आपलं दोघांचं बोलणं कधी झालंच नाही.

हे तुमच्याशिवाय दुसरं कोणी वाचेल, म्हणून आधी टोपलीचं सांगते. आपल्या चर्चमध्ये एक जानेवारीला सकाळच्या उपासनेत वेदीपुढे टोपली ठेवायची. टोपलीत वचनांच्या चिठ्ठ्या. मामी त्या नांदेडहून आणायच्या. प्लास्टिक चढवलेल्या, वर गुलाब नाहीतर उगवता सूर्य, खाली बायबलातली एखादी ओळ, मावेल तेवढी. प्रत्येकानं डोळे मिटून एक उचलायची, ते त्याचं त्या वर्षाचं वचन. मग ती चिठ्ठी मोबाइलच्या कव्हरमागे जायची, कपाटाच्या आरशावर, ऑटोच्या काचेवर. तुम्ही घरोघरच्या माणसांना एकेक करून पुढे बोलवायचा, चिठ्ठी हातात घेऊन मोठ्यानं वाचायचा आणि त्यावर दोन शब्द बोलायचा. लोक वर्षभर त्या दोन शब्दांना धरून राहायचे. पाऊस लांबला, पोरीचं लग्न मोडलं, भरतीत नाव आलं नाही, की चिठ्ठी काढून बघायचे.

त्या वर्षी आईच्या हाताला ही ओळ लागली.

आईला तेव्हा साखर होऊन बरीच वर्षं झाली होती. सकाळ-संध्याकाळ पोटात सुई. तुमची मावसबहीण, पण सख्ख्यापेक्षा सख्खी. लहानपणी तिच्या पाठीवर बसून तुम्ही शाळेत गेलात, असं तुम्हीच सांगायचा. तिची चिठ्ठी तुम्ही वाचली. मी पहिल्या रांगेत होते, सुट्टीला घरी आले होते. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "शांता, देवानं तुझं नाव घेऊन सांगितलंय. तू मरत न्हाईस. तू जगतीस."

त्या क्षणी तुम्ही पाळक नव्हता, भाऊ होता. पण उभे पुलपिटापाशी, संदेश द्यायच्या जागी, होता. भाऊ बोलला आणि लोकांनी, आईनं, देवाचं म्हणून ऐकलं.

सुई बंद कर, असं तुम्ही म्हणाला नव्हता. हे मी स्वतःला किती वेळा बजावलंय त्याला गणती नाही. तुम्ही तसं म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं, तुमचं तोंड न बघता जगता आलं असतं. तुम्ही म्हणाला नाहीत. तिनं आपल्या मनानं बंद केली. मी नांदेडला होस्टेलवर परत गेले, रोज फोन करायची, विचारायची, सुई घेतलीस का. ती म्हणायची, "हाव." एवढंच. नंतर माठाशेजारच्या डब्यात औषधाच्या बाटल्या सापडल्या, सील न फोडलेल्या. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तिनं सांगून ठेवलं होतं, देवानं सांगितल्यावर बी सुई टोचायची मंजे अविश्वास झाला की. दादा मोंढ्यातले, धान्याच्या बाजारातले, हमाल. देवाधर्माच्या गोष्टीत बायकोचं ऐकायचे, कारण वाचता तिलाच यायचं.

तिला नांदेडच्या दवाखान्यात आणलं तेव्हा ती कुणाला ओळखत नव्हती. तुम्हालाही नाही.

पुढचं मी खरं तर सगळ्यांना मोठ्यानं सांगायला पाहिजे, पण आता इथेच लिहिते. आई गेल्यावर दारात बसायला आलेल्या बायका आपसात बोलत होत्या, वचन तर भेटलं होतं, मग शांताबाईचाच विश्वास कमी पडला असंल. हळू बोलत होत्या, पण घर एका खोलीचं, ऐकू न यायला जागा कुठं होती. वचन खोटं नाही, पाळक चुकला नाही, मग उरलं कोण? मेलेली बाई. ती काही उलटून बोलणार नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी तुम्ही पुलपिटावर गेलात, बायबल उघडलंत आणि संदेश दिलाच नाहीत. म्हणालात, "शांतानं सुई बंद केली ती माझ्या बोलण्यावरून. बंद कर असं मी म्हणलो न्हाई, पर ती बंद करंल असं बोललो. ते वचन संकटातून सुटलेल्या माणसानं सुटल्यावर म्हणलेलं हाय, देवाचे आभार मानताना. सुटून आलेल्याचं गाणं मी अजून आत अडकलेल्या बाईला हमी म्हणून दिलं. ती हमी देवाची नव्हती, माझी होती. शांताचा विश्वास कुठं कमी पडला न्हाई. माझं इमान कमी पडलं. जे बोललो ते मी परत घेतो."

मग खाली उतरून गडीमाणसांच्या बाजूला सतरंजीवर बसलात. पेटीवाल्याचे हात पेटीवर तसेच. शेवटी दादा उठले. तुमच्यापाशी जाऊन म्हणाले, "दानियेलराव, तुम्ही खाली बसल्यानं ती उठून यायची न्हाई. वर जावा, आशीर्वाद द्या, लोकाला घरी जाऊ द्या." तुम्ही गेलात आणि आशीर्वाद दिलात.

मामा, मी इतिहास शिकवते. शब्द दिलेले, शब्द मोडलेले, पुष्कळ शिकवते. शब्द परत घेतलेला मी एकदाच पाहिला. त्या दिवसानंतर कुणी आईच्या विश्वासाबद्दल बोललं नाही. तुम्ही तिचं मरण तिच्या माथ्यावरून उचलून स्वतःच्या माथ्यावर घेतलंत. मी तुमच्यावर रागावलेली होते, तरी तेवढं मला दिसलं. तुम्हाला तसं सांगितलं मात्र नाही.

त्या आठवड्यात तुम्ही घरी आलात. उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिलात. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी दर दोन वाक्यांनी सांगते असं तुम्ही म्हणायचा. सांगणारच. तर तुम्ही विचारलंत, "तू शिकून राह्यलीस. तूच सांग, मी बोलणं सोडून देऊ का?" मी म्हटलं, सोडू नका, तुमच्या जागी जो येईल तो परतसुद्धा घेणार नाही. पण बोलायच्या आधी मला दाखवत जा.

रागाच्या भरात बोलले होते. तुम्ही खरं मानलंत. त्याच शनिवारी संध्याकाळी स्कुटीवरून हजर.

आपले शनिवार तेव्हापासूनचे. मी नांदेडहून घरी आलेली असले तर ओट्यावर, नाहीतर फोनवर. नंतर लातूरला नोकरी लागली, तेव्हाही शनिवार चुकला नाही. तुम्ही चहा बिनसाखरेचा मागायला लागलात. तुम्हाला साखर नव्हती, तरीही. मी कधी कारण विचारलं नाही. उद्याच्या संदेशाचा उतारा तुम्ही वाचायचा आणि मी तीन प्रश्न विचारायची. कोण बोलतंय, कुणाला बोलतंय, आणि काय झाल्यावर बोलतंय. जुना कागद असा वाचायचा हे आमच्या सरांनी शिकवलं होतं, तेच मी तुमच्या बायबलाला लावलं. तुम्ही सुरुवातीला चाचपडायचा. मग तुम्हीच माझ्याआधी विचारायला लागलात, वरचं वाच, खालचं वाच. मंडळीत पोरांनी तुमची नक्कल सुरू केली. क्रिकेट खेळताना आऊट दिलं की म्हणायची, वरचं वाच, खालचं वाच.

लोकांना ते सोपं गेलं नाही. एक चिठ्ठी सगळ्यांची लाडकी होती, देवाच्या मनात तुमच्या कल्याणाच्याच योजना आहेत अशा अर्थाची. तुम्ही त्या रविवारी सांगितलंत, हे बंदिवान होऊन परमुलखात गेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे, आणि त्याच्या वरच लिहिलंय की इथंच घरं बांधा, बागा लावा, सत्तर वर्षं इथंच काढायचीत. म्हणजे ज्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं त्यांतले बहुतेक घरी परत न जाताच मेले, तरीही ते वचन खरं होतं. माझ्या मागे बसणाऱ्या रत्नामावशी बाहेर पडताना म्हणाल्या, "आपले पाळक वचन देतेत का दिलेलं काढून घेतेत?" तुम्ही ऐकलंत आणि हसलात. मामी हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, तुमच्या शनिवारपायी माझ्या रविवारच्या सतरंज्या रिकाम्या पडून राह्यल्या. खरंच होतं. काही घरं दुसऱ्या प्रार्थनेला जायला लागली. तिथला प्रचारक दर आठवड्याला नवं वचन वाटायचा आणि गेल्या आठवड्याचं विचारायची सोय नव्हती.

टोपली तुम्ही बंद केलीत. त्यावरून तर कमिटीनं तुम्हाला बसवून विचारलं. लोक वर्षातून एकदा आनंदानं येतात ते टोपलीसाठी, ती बी काढली तर राहिलं काय. तुम्ही म्हणालात, अख्खं पुस्तक राहिलं की.

इथपर्यंत माझी बाजू बरोबर होती असं मी धरून चालले होते. पण एका शनिवारी तुम्ही मला अडवलंत. आजाऱ्याला तेल लावून वडीलधाऱ्यांनी प्रार्थना करावी, असं बायबलातल्या ज्या पत्रात लिहिलंय, त्यावर तुम्ही बोलणार होता. मी म्हटलं, नका. त्यातून परत कोणीतरी गोळी टाकून देईल. तुम्ही म्हणालात, तसं लिहिलंय त्याचं काय करू. मी म्हटलं, गाळा. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवलात.

"बीए बाई, मी एकदा वचनात नसलेलं घातलं. आता तू असलेलं काढाया सांगून राह्यलीस. दोन्ही बेइमानीच की."

मी फोन ठेवला. पुढच्या शनिवारी आपण तिथूनच सुरू केलं, आणि कितीतरी शनिवार तिथंच राहिलो. माझं म्हणणं, बोलणाऱ्यानं ऐकणाऱ्याचं बघावं, ऐकून ती घरी जाऊन काय करेल ते बघावं. तुमचं म्हणणं, बघावं, पण तिच्या भीतीनं देवाचं बोलणं कापू नये, नाहीतर ते माझंच बोलणं झालं, आधी आशेनं वाढवलेलं, आता भीतीनं आखडलेलं. हे भांडण मिटलं नाही. मी आजही माझ्या बाजूला आहे. पण तुमच्या बाजूला आता कुणी नाही, त्यामुळे माझी बाजू मांडायलाही मजा राहिली नाही.

तुमच्या आजारात तुम्ही दोन्ही करून दाखवलंत. नांदेडच्या डॉक्टरांनी हृदय मोठं झालंय म्हणून सांगितलं, तर तुम्ही त्यांना म्हणालात, आमच्या मंडळीला आता तरी पटंल. घरी आल्यावर वडीलधाऱ्यांना बोलवून कपाळाला तेल लावून घेतलंत, प्रार्थना झाली, आणि सगळ्यांदेखत, मुद्दाम सगळ्यांदेखत, पाण्याबरोबर गोळी घेतलीत. रत्नामावशींकडे बघून म्हणालात, दोन्ही पोटात गेलं, बघून ठेवा. त्यांनाही साखर, त्यांनाही सुई. तुम्ही कुणाला काय दाखवत होता ते त्या समजल्या की नाही देव जाणे. मी समजले.

मग शेवटचा शनिवार. मी लातूरला घरी पेपर तपासत होते. तुमचा फोन आला, आवाजात धाप. म्हणालात, ह्या खेपी त्या स्तोत्रावर बोलायचंय. कोणत्या, ते मी विचारलं नाही. इतक्या वर्षांत तुम्ही त्याच्या वाटेला गेला नव्हता. मी म्हटलं, कशाला मामा, आता तब्येत सांभाळा. तुम्ही म्हणालात, वचनाचा काय गुन्हा? मी तोडलं म्हणून लोकानं त्याच्यावाचून उपाशी कामून राहायचं? मी जसं दिलं तसं राहू द्यायचं न्हाई मला. अख्खं द्यायचंय.

आणि तुम्ही सुरू केलंत, वरपासून. आभारानं सुरू होतं. मग वैरी मधमाश्यांसारखे चारी बाजूंनी. मग धक्का बसला, पडणारच होतो, असं तो माणूस म्हणतो. तुम्ही एकेक पायरी सांगत होता, मध्ये दम घेत होता. मी तीन प्रश्न विचारलेच नाहीत, तुम्हीच विचारत होता आणि तुम्हीच उत्तरं देत होता. मग तुम्ही त्या ओळीपाशी आलात आणि थांबलात.

मी विचारलं, इथं काय बोलणार?

"त्येच तर. एक गोष्ट सापडली हाय मला ह्याच्यात. शांतावाचून सापडली नसती. पर आता दम न्हाई, बाई. ह्या रविवारी दुसरं कुणी बोलंल. बाकीचं पुढच्या शनिवारी."

मी म्हटलं, बरं. झोपा आता.

पुढचा शनिवार यायच्या आत तुम्ही गेलात. शेवटचे ते दिवस तुम्ही ती गोष्ट मनात घेऊन पडून होता आणि मी नववीचे पेपर तपासत होते. काय असेल ती, मामा? मी ते स्तोत्र आता पाठ म्हणू शकते. त्या ओळीच्या पुढं लिहिलंय की देवानं शिक्षा कडक केली, पण मरणाच्या हवाली केलं नाही. हे तर तुम्ही स्वतःला लावणार नव्हता? की आईला? की मातीत गेलेल्या माणसाच्या तोंडीच ते वाक्य खरं ठरतं, असं काही म्हणणार होता? मी मनाशी तुमच्या आवाजात बोलून बघते आणि मग घाबरते. तुमच्या तोंडात माझे शब्द घालायचे तर मग फरक काय राहिला. देवाच्या तोंडात घालायचे नाहीत हे तुमच्याकडून शिकले, तुमच्या तर नाहीच घालणार.

दगडाचं झालं ते यामुळेच. तुमच्या उशाशी बायबल त्याच पानावर उघडं होतं. मामींनी ते बघितलं, आलेल्या-गेलेल्यांनी बघितलं. आणि मंडळीत बोलणं फिरलं की पाळकबाबांनी शेवटी आपलं वचन धरलं. एवढी वर्षं टाकून दिलं होतं, मरताना परत उचललं. मग त्याच्या पुढची पायरी यायला कितीसा वेळ लागतो? मी स्वतः ऐकलं, स्मरणाच्या उपासनेनंतर, चहाच्या भांड्यापाशी. वचन खरंच होतं मंजे. शांताबाईचंच काहीतरी राह्यलं असंल.

एवढ्या वर्षांनी आई परत दारात उभी केली त्यांनी, आणि तिच्या वतीनं खाली उतरून बसणारा माणूस आता नाही.

मी मामींच्या घरी गेले. तिथे अमोल होता, तुमच्या जागी नेमलेला तरुण पाळक. त्याला मी वाईट म्हणणार नाही. आजारपणात तुम्हाला जीपमध्ये उचलून घालणारा तोच, अंघोळ घालणारा तोच. मी त्याला शेवटच्या शनिवारचं सगळं सांगितलं. म्हटलं, ते उघडं पान म्हणजे साक्ष नव्हती, अभ्यास होता, आणि तोही अर्धा. दगडावर ही ओळ घातली तर लोक समजतील, मामांनी परत घेतलेला शब्द पुन्हा दिला. घालायचीच असली तर वरची-खालची घाला.

तो म्हणाला, "ताई, दगडावर किती मावणार?"

मी म्हटलं, मग दुसरं वचन निवडा. तो शांतपणे म्हणाला की लोकांना दुःखात दिलासा लागतो, अभ्यास नको असतो, आणि पाळकबाबा शेवटी काय म्हणाले ते ऐकलेलं माझ्याशिवाय कुणी नाही. हे खरं आहे. मी ते बोलणं फोनवर साठवलं नाही. आपल्या माणसाचं बोलणं कोण साठवून ठेवतं, त्यातून शनिवार पुन्हा येणार असताना.

मग मामी बोलल्या. इतका वेळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. "माझ्या मालकाचा दगड हाय, बाई. मला जाऊन बघायचा असतो. मला त्यो जगतो असंच वाचायचंय."

त्यांना मी काय विचारू? कोण बोलतंय, कुणाला, काय झाल्यावर? सगळं समोरच होतं. मी चहा पिऊन निघाले. दादांना सांगितलं, तर ते म्हणाले, तुज्या आईच्या मातीवर तर काहीच लिहिलेलं न्हाई, तिला कुठं काय फरक पडला. ते म्हातारे झालेत. मला पडतो.

अमोलनं जाहीर केलंय की येत्या एक जानेवारीला टोपली परत ठेवायची. तुमच्या आठवणीसाठी. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चर्चमध्ये. मामी नांदेडहून चिठ्ठ्या आणणार आहेत, त्यांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी जरा हुरूप दिसला. मी हात वर करून उभी राहिले असते तर काय बोलले असते? आपल्याकडे बायका पुलपिटावर जात नाहीत. मी लातूरची, महिन्यातून एकदा येणारी, आईवरून मनात धरून बसलेली, जास्त शिकलेली. हे सगळं माझ्या कपाळावर लिहिलेलं असल्यासारखं लोक माझ्याकडे बघतात. शिकलेली आहे, ते खरंच आहे. त्याचा मला अभिमान आहे. पण तीन प्रश्न विचारता येतात म्हणून एकाही माणसाला थांबवता येत नाही, हे आता कळून राह्यलंय.

तुम्ही होता तेव्हा माझं काम सोपं होतं, मामा. मी फक्त तपासायची. देवाच्या नावानं तोंड उघडायचं ओझं तुमच्या खांद्यावर होतं. ते किती जड आहे ते तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. फक्त शनिवारी संध्याकाळी यायचा आणि साखर नसलेला चहा मागायचा.

काल तुमच्या दगडापाशी मी बायबल उघडून स्तोत्र पहिल्यापासून वाचायला लागले. मोठ्यानं. वरचं आणि खालचं, दगडावर मावलं नाही ते सगळं. आईची जागा तिथून चार पावलांवर, तिलाही ऐकू जाईल असं. त्या ओळीपाशी मी थांबले. तुम्ही थांबला होता तिथंच. पुढचं छापलेलं होतं, पण वाचवेना.

तेवढ्यात रत्नामावशी आल्या. हातात शेवंतीची फुलं. त्यांनी ती पाटीवर ठेवली आणि बोट फिरवत ओळ वाचली, एकेक अक्षर. मग म्हणाल्या, "लई चांगलं वचन हाय. पाळकांनी शेवटी हेच धरलं. मला बी हेच निघावं टोपलीतून."

मी त्यांना सांगायला लागले, ते स्तोत्र कुणाचं, कशानंतरचं. त्या मान हलवत होत्या, डोळे पाटीवरच. मग मी सगळं सोडून दिलं आणि विचारलं, मावशी, सुई घेता ना रोज?

"हाव," त्या म्हणाल्या.

मामा, आईचा हावसुद्धा अगदी असाच होता.